न मोजलेलं घरटं

माझे सासरे झाडावर राहतात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले आणि हे सांगितलं, तेव्हा आईने दोन्ही हात कपाळाला लावून विचारलं, त्यांना हे कधीपासून झालं? माझं माहेर भातशेतीचं, कोरड्या जमिनीवरचं. तिकडे माणूस झाडावर चढतो तो ताडाचा रस काढायला, आणि रस काढून झाला की मुकाट खाली येतो. इकडे तळ्यावर वर्षातले निम्मे महिने अख्खं जंगल पाण्यात असतं, घरं तरंगतात, डुकरंही तराफ्यावरच्या पिंजऱ्यात मोठी होतात. अशा ठिकाणी एखादा म्हातारा झाडावर राहिला तर कोणी मान वर करून बघतही नाही.

गाव त्यांना ता थोन म्हणतं. ता म्हणजे आजोबा, आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दुसरं काय म्हणणार. मी मात्र पुक म्हणते, म्हणजे बाबा. अभयारण्याच्या कचेरीने त्यांना पहारेकरी नेमलंय. पाणी उतरायला लागलं आणि पहिले चित्रबलाक झाडांवर काड्या रचायला लागले, की ते आपली चटई, चहाची किटली आणि मासे आंबवून केलेल्या प्राहोकची बरणी घेऊन ओढ्यातल्या मचाणावर जातात, ते पिल्लं उडून गेल्यावरच कायमचे परततात. मधे दर दहा दिवसांनी एक दिवस घरी. त्या दिवशी अंघोळ करतात, माझ्या आंबट कालवणाला नावं ठेवतात, दोनदा वाढून घेतात आणि परत जातात. खरे जिवंत ते त्या सहा महिन्यांतच असतात. उरलेले सहा महिने जंगलाकडे तोंड करून ओसरीवर बसतात आणि पाणी किती उतरलं ते विचारतात.

त्यांचं काम दोन गोष्टींचं. अंडी-पिल्लं चोरणाऱ्यांवर नजर ठेवायची आणि घरटी मोजायची. ओढ्याच्या काठची बेचाळीस झाडं त्यांच्याकडे. लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक झाडासाठी बांबूचं एक नळकांडं केलंय. सकाळी छोट्या होडीतून फिरायचं, झाडाखाली उभं राहून वर बघायचं, आणि एका घरट्याला कमळाचं एक वाळकं बी नळकांड्यात टाकायचं. घरी येताना सगळी नळकांडी चौकड्यांच्या पंच्यात बांधून आणतात. मग मी ती एकेक करून जमिनीवर पालथी करते, बिया मोजते आणि कचेरीच्या कागदावर आकडे भरते. सातवीपर्यंत शिकलेली या घरात मी एकटीच. नऊ वर्षं हे आकडे माझ्या अक्षरात जातायत आणि मला त्याचा बऱ्यापैकी अभिमान होता, हे कबूल करते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण गावात कोणी ना कोणी सांगेलच. ता थोन पूर्वी स्वतः अंडी काढायचे. त्या काळी निम्मं गाव टोपल्या घेऊन जंगलात जायचं. पुढे अभयारण्य झालं तेव्हा कचेरीने डोकं लढवून याच मंडळींना पहारेकरी नेमलं. घरट्याची वाट त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार?

यंदा फेब्रुवारीत राजधानीहून विचेत नावाचे एक तरुण साहेब आले. सोबत उडणारा कॅमेरा होता. दोन दिवस तो कॅमेरा झाडांवरून फिरला आणि तिसऱ्या दिवशी साहेब आमच्या तरंगत्या घरात मांडी घालून बसले. मला ते मींग म्हणायला लागले, म्हणजे मावशी. मी एवढी काही म्हातारी नाही, पण साहेब माणूस, म्हटलं म्हणू दे. त्यांनी माझा कागद आणि त्यांचा कागद शेजारी ठेवले. पहिल्या झाडावर माझी तेरा घरटी, त्यांची चौदा. दुसऱ्यावर माझी नऊ, त्यांची दहा. मग सोळा आणि सतरा. मी दहा-बारा ओळी खाली गेले आणि पुढे माझ्याने वाचवेना.

साहेबांचा आवाज मऊ होता. ते म्हणाले, चूक असते तेव्हा आकडा कधी वर जातो, कधी खाली. हा जवळजवळ प्रत्येक वेळी खालीच जातोय, आणि एकानेच जातोय. पुढचं ते बोलले नाहीत, पण मीही काही दुधखुळी नाही. प्रत्येक झाडावर एक घरटं कोणाच्या हिशोबातच नसेल, तर ते रिकामं केलं तरी कोणाला कळणार? सोमवारी कचेरीत बैठक आहे, त्याआधी मला स्वतः बघायचंय, तुमच्या होडीतून न्याल का, असं त्यांनी विचारलं. संशय खरा ठरला तर ता थोनना त्याच दिवशी झाडावरून उतरवणार होते, ते परत कधीच न चढवण्यासाठी.

मला राग आला. आधी साहेबांचा, मग सासऱ्यांचा, मग माझ्याच अक्षराचा. पण भात शिजत होता तोवर राग उतरला आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. एकच का? चोराला दोन लागतील, पाच लागतील, ज्या झाडावर चढायला सोपं तिथून तो जास्त नेईल. प्रत्येक झाडावरून नेमकं एक घेणारा चोर कोणी पाहिलाय? नवऱ्याला, म्हणजे सारेतला, विचारलं तर तो म्हणाला, बाबा असं करणार नाहीत, आणि जाळं विणायला बसला. त्याच्याकडून याहून जास्त कधी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ओढ्याच्या तोंडापर्यंत इंजिनाची होडी, पुढे माझी वल्ह्याची, कारण इंजिनाच्या आवाजाने पाखरं उठतात. पाणी रोज वीतभर खाली चाललं होतं. आणखी आठवड्याने होडी चिखलात रुतली असती आणि मग साहेबांना गुडघाभर गाळातून जावं लागलं असतं. खोडांवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. साहेब त्या रेघेकडे बघत होते, डोक्यावरच्या फांदीत अडकलेल्या एका फुटक्या मडक्याकडे बघत होते, पांढऱ्या झालेल्या पानांकडे बघत होते. पानांना काय रोग झालाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोग नाही, विष्ठा आहे, टोपी घाला. त्यांनी लगेच घातली.

ता थोन रागीट आहेत का, असंही त्यांनी विचारून घेतलं. मी सांगितलं, ते गरीब आहेत, घरात रागीट मी आहे, आणि वल्हंही माझ्याच हातात आहे. साहेब हसले, पण होडीची कड धरून. मग मी त्यांना विचारायला लागले. तुमचा कॅमेरा जुनं, पडीक घरटंही मोजत असेल? नाही म्हणाले, ज्यात पक्षी बसलाय तेवढंच मोजलं. एकाच घरट्याची दोन चित्रं आली असतील? तेही तपासलं होतं. माणूस प्रामाणिक होता, तीच अडचण होती.

मचाणाखाली होडी बांधली आणि फळकुटांवरून वर चढलो. सासरे चटईवर बसले होते. त्यांनी साहेबांना चहा दिला, आई आहे का, कुठली, काय करते, हे सगळं विचारलं. समोरच्या झाडांवर चोचींचा खडखडाट चालला होता आणि वारा फिरला की नाक धरावंसं वाटत होतं. साहेबांनी कागद पुढे केला आणि मोजणीबद्दल विचारलं. सासरे म्हणाले, बरोबर आहे. साहेबांनी कॅमेऱ्याचे आकडे वाचून दाखवले. सासरे म्हणाले, तेही बरोबर असतील. आणि चहा ओतायला लागले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “पुक, प्रत्येक झाडावर एक घरटं कमी लागतंय. साहेबांना वाटतंय, ते तुम्ही रिकामं करता.”

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी किटली खाली ठेवली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“ते आपलं नाही ना,” ते म्हणाले.

“मग कोणाचं?”

“राखणदाराचं.”

या जंगलाचा राखणदार गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ओढ्याच्या तोंडाशी त्याची फळकुटांची देवळी आहे, तिथे केळी आणि भात ठेवल्याशिवाय कोणी आत जात नाही. सतरा वर्षं मीही ठेवतेय. पण पुढचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अंडी काढणाऱ्यांचा नियम होता म्हणे, की हंगामात ज्या झाडावर जे घरटं पहिलं बांधलं जाईल ते त्याचं. त्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, आणि ते मोजायचंही नाही. मोजलं म्हणजे त्यावर आपला हक्क सांगितला, आणि हक्क सांगितला की ते घरटं जगत नाही. बाकीची सगळी न्यायची. झाडामागे एक सुटायचं, म्हणून पुढच्या वर्षी पाखरं परत यायची.

“मला सांगितलं, घरटी मोज,” सासरे म्हणाले. “मी आपली मोजली. त्याची मोजायला त्यानं मला थोडंच ठेवलंय?”

मला हसू आलं आणि रडूही. नऊ वर्षं मी सरकारी कागदावर राखणदाराचा वाटा वजा करून पाठवत होते.

साहेब हसले नाहीत. मग ते घरटं मला दाखवा, ते म्हणाले. सासऱ्यांनी मान हलवली. बोटाने नाही, हनुवटीनेही नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला वाचता आलं. चोरानेही हेच सांगितलं असतं. मी म्हाताऱ्यावर विश्वास ठेवला होता, पण माझा विश्वास कागदावर कुठल्या रकान्यात भरणार?

मी मचाणाच्या कडेला बसून विचार केला. मग म्हटलं, “पुक, परत मोजा. रोज मोजता तसं.”

“सकाळी मोजून झालं. दुपारपर्यंत वाढत नाहीत ती.”

“माझ्यासाठी मोजा.”

ते कुरकुरले, पण बियांची पिशवी घेतली आणि समोरच्या झाडाकडे वळले. मी साहेबांच्या कानात सांगितलं, झाडाकडे बघू नका, त्यांच्या डोळ्यांकडे बघा. सतरा वर्षं या माणसाला जेवायला वाढतेय. नको असलेल्या भाजीला ते नको कधीच म्हणत नाहीत, फक्त त्या वाडग्याकडे बघत नाहीत. सासरे बघायचे, बी टाकायचे. पुढे बघायचे, बी टाकायचे. मधल्या दुबेळक्यापाशी, दोन फांद्या फुटतात तिथे, नजर आली आणि थबकली. घरात कोणी झोपलेलं असलं की आपण वळसा घालून जातो, तशी ती वळसा घालून पलीकडच्या फांदीवर गेली. बी पडलं नाही.

“तिथे,” मी म्हटलं.

साहेबांनी दुर्बीण लावली. दुबेळक्यातल्या घरट्यात तीन पिल्लं उभी होती, झाडावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा थोराड. एक तर घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झटकत होतं. साहेब बराच वेळ बघत राहिले. हे पहिलंच बांधलेलं असणार, असं स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, पुढचं झाड.

आम्ही तिघं माझ्या होडीत बसलो. पुढे सासरे नळकांडी घेऊन, मधे साहेब, मागे मी. झाडाखाली गेलं की सासरे उभे राहून मोजायचे आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघायचो. आपल्याकडे एवढं का बघतायत हे त्यांना कळेना. एकदा त्यांनी पंच्याने तोंडही पुसून घेतलं. प्रत्येक झाडावर नजर कुठेतरी वळसा घालायची, आणि तिथे दुर्बिणीत सगळ्यांत मोठी पिल्लं दिसायची. कुठे तीन, कुठे दोन, एके ठिकाणी चार. सातव्या झाडानंतर साहेबांनी होडी मागे घ्यायला लावली आणि पहिल्या सहा झाडांवर पुन्हा मोजायला सांगितलं. सासऱ्यांनी मला विचारलं, साहेबांना आकडे पाठ होत नाहीत का? पण मोजलं. वळसा त्याच त्याच घरट्यापाशी पडला, एकदाही चुकला नाही. मला इतकी मजा वाटायला लागली होती, की आपण इथे कशासाठी आलोय हेच मी मधेमधे विसरत होते.

दुपार झाली तेव्हा एक्केचाळीस झाडं झाली होती. चोर असता तर त्याने हीच आधी नेली असती, साहेब हळूच मला म्हणाले. सगळ्यांत मोठी, बाजारात सगळ्यांत आधी खपणारी. मी म्हटलं, मला काय सांगता, त्यांना सांगा. साहेबांनी दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले आणि म्हाताऱ्याची माफी मागितली. सासऱ्यांनी मान डोलावली आणि तुम्ही जेवलात का, एवढंच विचारलं.

होडीतच भात आणि सुके मासे खाल्ले. साहेबांनी प्राहोकही खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्लं. मग अडचण सांगितली, की कागदावर पुढे पूर्ण आकडा लागेल. सासरे म्हणाले, ते आपल्याच्याने होणार नाही, दुसरा माणूस बघा. मी म्हटलं, तुम्ही बिया टाकता तशा टाका, लिहिताना प्रत्येक झाडाला मी एक वाढवीन. मी कोरड्या जमिनीवरची, तुमचा राखणदार मला कुठे ओळखतो? त्यांनी घास चावता चावता विचार केला.

“मोजू नकोस,” ते म्हणाले. “नुसतं लिही.”

“नुसतं लिहिते.”

प्रश्न मिटला. सोमवारच्या बैठकीत काय सांगायचं तेही साहेबांनी ठरवलं. ता थोन झाडावरच राहणार होते. मी वल्हं उचललं, तेव्हा साहेबांनी कागदावर बोट ठेवून म्हटलं, एक झाड राहिलं, बेचाळिसावं.

सासरे म्हणाले, ते राहू द्या, लांब आहे.

लांब होतं, पण एवढं नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. खरं सांगते, एक्केचाळीस झाडांवर ज्या माणसासाठी भांडायला निघाले होते, त्याच्यावर शेवटच्या झाडाला शंका आली, आणि याची मला लाजही वाटली. मी वल्हवत राहिले. ओढा जिथे वळतो आणि पुढे नुसती काटेरी झुडपं आहेत, तिथे ते एकटं झाड उभं आहे.

सासरे उभे राहिले आणि मोजायला लागले. बघितलं, बी टाकलं. बघितलं, बी टाकलं. मी डोळ्यांची पापणी हलवली नाही. नजर सरळ गेली, एकाही घरट्याला वळसा पडला नाही. अकरा घरटी, अकरा बिया. साहेबांनी कागद बघितला. त्यांचीही अकराच होती. सगळ्या कागदात जुळणारी ही एकच ओळ होती.

“इथे राखणदाराचं घरटं नाही?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“का?”

सासरे होडीत खाली बसले. नळकांड्याचं तोंड हाताने झाकलं.

“इथलं मी घेतलं.”

साहेबांनी पेन उचललं होतं ते तसंच राहिलं. कधी, असं मीच विचारलं. ते म्हणाले, सारेत तीन वर्षांचा होता. माझा नवरा आज त्रेचाळीस वर्षांचा आहे. लढाई नुकतीच सरली होती, गावात भाताचा दाणा नव्हता, आणि पोराला ताप धरून महिना झाला होता. त्याचं डोकं तेवढं मोठं दिसायचं, बाकी नुसती हाडं. सासरे अंडी काढायला गेले तर माणसं आधीच येऊन गेलेली. सगळ्या झाडांवर फक्त राखणदाराची घरटी शिल्लक होती. तेवढ्या उपाशी गावानेही त्यांना हात लावला नव्हता. मग कोणी बघू नये म्हणून ते सगळ्यांत लांबच्या झाडाशी आले. चार अंडी होती. उकडून, चुरून, दोन दिवस बोटाने भरवली. पोर तिसऱ्या दिवशी उठून बसलं.

पुढच्या वर्षी पाखरं या झाडावर परत आली, दर वर्षी येतात. पण तेव्हापासून इथे त्यांची नजर कुठल्याच घरट्यापाशी अडत नाही, असं ते म्हणाले. दर हंगामात पहिली काडी पडल्यापासून येऊन बघतात. सगळी नुसती घरटीच दिसतात.

“तुम्ही चोरी शोधायला आलात ना, साहेब,” ते म्हणाले. “केलीय. ही एकच.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. वर अकराच्या अकरा घरट्यांत पिल्लं खायला मागत ओरडत होती. मला घरी जाळं विणत बसलेला नवरा दिसायला लागला, त्याची ती रुंद पाठ, आणि मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. चांगलं वाटलं एवढं खरं.

शेवटी साहेबांनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, मींग, तुम्हीच भरा. मी वरच्या एक्केचाळीस ओळींत प्रत्येकी एक वाढवलं. शेवटच्या ओळीपाशी थांबून सासऱ्यांकडे बघितलं.

“इथं वाढवू नकोस,” ते म्हणाले. “इथलं आपल्या घरी आहे.”